इंटरनेट दूरध्वनी सर्व्हरमधील कर्नल ड्रायव्हर मॉड्यूल : दोषांचे स्वरूप आणि दोषशोधाची पद्धत

सारांश

लिनक्स परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या अ‍ॅस्टेरिस्क या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे साध्या संगणकाचे रूपांतर दूरध्वनी केंद्रात करता येते. हा संगणक पारंपरिक दूरध्वनी वाहिन्यांना जोडण्यासाठी ‘डाहडी’ हा कर्नल ड्रायव्हर मॉड्यूलांचा संच वापरला जातो. या संचात बिघाड झाला की संपूर्ण संस्थेचा दूरध्वनी बंद पडतो. अशा वेळी कारण न शोधता आज्ञावली पुनःपुन्हा बसवणे किंवा चांगले कार्ड बदलणे असे चुकीचे उपाय केले जातात. प्रस्तुत लेखात या मॉड्यूलांची पार्श्वभूमी, त्यांची कार्यपद्धती, नेहमी आढळणाऱ्या दोषांची कारणे आणि दोषशोधाची क्रमबद्ध पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : इंटरनेट टेलिफोनी, अ‍ॅस्टेरिस्क, डाहडी, झॅपटेल, लिनक्स कर्नल, ड्रायव्हर मॉड्यूल, इंटरप्ट.

१. प्रस्तावना

दूरध्वनी ही अशी सेवा आहे की ती चालू असताना तिची कोणी दखल घेत नाही. परंतु ती बंद पडताच रुग्णालय, शाळा, बँक वा कारखाना यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटतो. पूर्वी ही जबाबदारी ईपीएबीएक्स यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाची होती. मुक्तस्रोत आज्ञावलीने यंत्राचा खर्च कमी केला, पण जबाबदारी संस्थेच्या संगणक विभागाकडे आली. संगणक विभागातील व्यक्तीस नेटवर्क व लिनक्स यांची माहिती असते. दूरध्वनी वाहिनीची परिभाषा मात्र बहुधा अपरिचित असते. कर्नल ड्रायव्हर हा नेमका या दोन क्षेत्रांच्या सीमेवरचा घटक असल्यामुळे तेथील दोष दोन्ही बाजूंना अनाकलनीय वाटतो.

भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट टेलिफोनीस परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काळात मुंबईत एमटीएनएल आणि उर्वरित महाराष्ट्रात बीएसएनएल यांच्या प्राथमिक दराच्या डिजिटल वाहिन्या, म्हणजेच प्रचलित भाषेत ‘पीआरआय लाइन’, संगणकातील कार्डास जोडणे हा संस्थांपुढील एक व्यवहार्य पर्याय ठरला. असे अनेक सर्व्हर वर्षानुवर्षे चालत राहतात आणि एखाद्या दिवशी परिचालन प्रणाली अद्ययावत केल्यावर अचानक मुके होतात. हे का घडते, हे समजण्यासाठी प्रथम मॉड्यूलांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली अ‍ॅस्टेरिस्कची निर्मिती केली. लिनक्सविषयक साहाय्य पुरवणाऱ्या त्यांच्या छोट्या व्यवसायासाठी दूरध्वनी यंत्र हवे होते व बाजारातील यंत्र परवडणारे नव्हते. त्याच सुमारास जिम डिक्सन यांनी एक वेगळा विचार मांडला. तोपर्यंत दूरध्वनी कार्डावर ध्वनिसंकेतांची प्रक्रिया करणारे महागडे स्वतंत्र प्रोसेसर असत. साध्या संगणकाचा मुख्य प्रोसेसर आता इतका वेगवान झाला आहे की ते काम तोच करू शकेल, असे डिक्सन यांचे प्रतिपादन होते. त्यांनी त्यानुसार ‘टॉर्मेंटा’ हे स्वस्त कार्ड तयार केले आणि आपल्या प्रकल्पास मेक्सिकोतील क्रांतिकारक एमिलियानो झपाटा यांचे नाव दिले. डिक्सन यांचा मूळ ड्रायव्हर फ्रीबीएसडी प्रणालीसाठी होता. स्पेन्सर यांनी तो लिनक्सवर आणला. ‘झॅपटेल’ हे नाव या प्रकल्पावरूनच आले.

‘झॅपटेल’ हे दुसऱ्या एका कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्यामुळे २००८ साली या संचाचे नाव बदलून ‘डाहडी’ असे करण्यात आले. स्पेन्सर यांची डिजियम ही कंपनी २०१८ साली सँगोमा या कंपनीने विकत घेतली. नावातील हा बदल वरवर किरकोळ वाटतो. तथापि जुन्या सर्व्हरवरील काही दोषांचे मूळ त्यातच आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

३. मॉड्यूलांची कार्यपद्धती

डिजिटल दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो. म्हणून एका संभाषणास सेकंदाला ६४ किलोबिट एवढी क्षमता लागते. भारतात व युरोपात वापरल्या जाणाऱ्या ई-१ वाहिनीत असे ३२ कालखंड असून तिची एकूण क्षमता सेकंदाला २.०४८ मेगाबिट असते. त्यांपैकी शून्य क्रमांकाचा कालखंड समक्रमणासाठी, १६ वा संकेतवहनासाठी आणि उरलेले ३० संभाषणासाठी असतात. अमेरिकेतील टी-१ वाहिनीत २४ कालखंड असून तिची क्षमता १.५४४ मेगाबिट असते.

डाहडीचा कार्ड-ड्रायव्हर दर मिलिसेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ८ नमुने कार्डाकडून घेतो व ८ नमुने कार्डास देतो. त्यासाठी कार्ड प्रोसेसरला सेकंदाला १००० वेळा इंटरप्ट पाठवते. कार्डावर कोणी बोलत असो वा नसो, हे चक्र अखंड चालू असते. स्वतंत्र प्रोसेसर वगळून स्वस्त कार्ड बनवण्याची किंमत ती हीच : संगणकाने दर मिलिसेकंदाची वेळ पाळलीच पाहिजे.

या संचात तीन थर आहेत. पहिला थर म्हणजे ‘डाहडी’ हे गाभ्याचे मॉड्यूल. दुसरा थर म्हणजे प्रत्येक कार्डप्रकाराचा स्वतंत्र ड्रायव्हर. तिसरा थर म्हणजे प्रतिध्वनी काढून टाकणारी व तत्सम साहाय्यक मॉड्यूले. अ‍ॅस्टेरिस्क स्वतः कर्नलमध्ये नसते. ते ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘डाहडी’ या उपनिर्देशिकेतील उपकरण-फाइलींमार्फत या थरांशी बोलते. ही साखळी लक्षात घेतली म्हणजे दोष कोणत्या कडीत आहे हे शोधणे शक्य होते.

४. दोषांचे वर्गीकरण व कारणमीमांसा

४.१ कर्नलच्या आवृत्तीशी विसंगती

डाहडी हा संच लिनक्स कर्नलच्या मुख्य स्रोतात समाविष्ट नाही. तो बाहेरून संकलित करावा लागतो. लिनक्स कर्नल आपल्या अंतर्गत रचनेच्या स्थैर्याची हमी देत नाही. त्यामुळे एका आवृत्तीसाठी संकलित केलेले मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीत चालेलच असे नसते. प्रत्येक मॉड्यूलमध्ये ज्या कर्नलसाठी ते तयार झाले त्याची खूण नोंदलेली असते. ही खूण चालू कर्नलशी जुळली नाही तर कर्नल ‘मॉड्यूलचे स्वरूप अवैध आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन ते नाकारतो. अद्ययावतीकरणानंतर नव्या कर्नलच्या निर्देशिकेत मॉड्यूल मुळीच नसेल तर ‘मॉड्यूल सापडले नाही’ असा संदेश येतो. दोन्ही प्रसंगी कार्ड व वाहिनी निर्दोष असतात.

काही वेळा नव्या कर्नलवर संकलनच अयशस्वी होते. उदाहरणार्थ, ३.१० आवृत्तीत ‘प्रॉक’ निर्देशिकेतील नोंदी निर्माण करण्याचे जुने फलन काढून टाकण्यात आले, तर ४.१५ आवृत्तीत कालमापक सुरू करण्याची पद्धत बदलली. या बदलांपूर्वीचा डाहडीचा स्रोत त्या कर्नलवर संकलित होत नाही. येथे संकलकाच्या त्रुटी एकेक करून मिटवीत बसण्यापेक्षा डाहडीची नवी आवृत्ती घेणे हाच योग्य उपाय होय. मात्र डाहडीच्या ३.० आवृत्तीत काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर वगळलेले आहेत, हे नवी आवृत्ती घेण्यापूर्वी तपासावे लागते. रेड हॅट वर्गातील वितरणांत आणखी एक अडचण येते. ही वितरणे कर्नलचा आवृत्तिक्रमांक जुनाच ठेवून नव्या आवृत्तीतील बदल त्यात आणतात. परिणामी क्रमांक पाहून निर्णय घेणारा ड्रायव्हरचा स्रोत फसतो.

४.२ सुरक्षित आरंभ आणि स्वाक्षरी

अलीकडच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था कार्यान्वित असते. अनेक वितरणांत अशा वेळी विश्वसनीय किल्लीने स्वाक्षरी न केलेले मॉड्यूल कर्नल स्वीकारत नाही. ‘आवश्यक किल्ली उपलब्ध नाही’ या आशयाचा संदेश पाहून अनेकांना परवानगीची समस्या आहे असे वाटते व ते फाइलींचे अधिकार बदलत राहतात. वस्तुतः उपाय दोनच आहेत : संगणकमालकाची किल्ली यंत्राच्या यादीत नोंदवून मॉड्यूलवर स्वाक्षरी करणे, अथवा बायॉसमधून ही व्यवस्था बंद करणे. पहिला उपाय सुरक्षेच्या दृष्टीने श्रेयस्कर आहे.

४.३ ड्रायव्हरांमधील संघर्ष

एका कार्डाचा ताबा एका वेळी एकाच ड्रायव्हरला मिळतो. जुनी चार पोर्टांची अ‍ॅनालॉग कार्डे टायगरजेट या कंपनीच्या चिपवर आधारित होती. तीच चिप आयएसडीएन कार्डांतही वापरली जात असे. त्यामुळे लिनक्स कर्नलमधील ‘नेटजेट’ हा आयएसडीएन ड्रायव्हर संगणक सुरू होताच दूरध्वनी कार्ड आपलेच समजून ताब्यात घेतो. डाहडीचा ड्रायव्हर नंतर कोणतीही तक्रार न करता कर्नलमध्ये येतो, परंतु त्याला एकही कार्ड सापडत नाही. मॉड्यूल यादीत दिसते, त्रुटी कोठेही दिसत नाही आणि चॅनेल मात्र शून्य, असे चित्र असल्यास हाच संशय प्रथम घ्यावा. ‘मॉडप्रोब’च्या निषिद्ध यादीत नेटजेटचे नाव लिहून संगणक पुन्हा सुरू केल्यास हा दोष दूर होतो.

नामांतरातून निर्माण झालेला संघर्षही याच प्रकारचा आहे. झॅपटेल व डाहडी हे दोन्ही संच १९६ हाच उपकरण-क्रमांक वापरतात. जुन्या सर्व्हरवर झॅपटेल न काढता डाहडी बसवले आणि झॅपटेल आधी कर्नलमध्ये गेले, तर डाहडीच्या गाभ्यास तो क्रमांक मिळत नाही. म्हणून जुन्या संचाची मॉड्यूले व आरंभ-संहिता पूर्णपणे काढून टाकणे आवश्यक ठरते.

४.४ संरचनेतील चुका

मॉड्यूल योग्य असूनही संरचना-फाइल चुकीची असू शकते. अ‍ॅनालॉग पोर्टांबाबत सर्वांत प्रसिद्ध चूक संकेतपद्धतीची आहे. दूरध्वनी संच जोडण्याच्या पोर्टास एफएक्सएस व केंद्राकडून आलेली वाहिनी जोडण्याच्या पोर्टास एफएक्सओ म्हणतात. प्रत्येक पोर्ट समोरच्या टोकाची भाषा बोलत असल्यामुळे एफएक्सओ पोर्टास एफएक्सएस संकेतपद्धती व एफएक्सएस पोर्टास एफएक्सओ संकेतपद्धती द्यावी लागते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की संरचना लागू करणारी आज्ञावली त्रुटिसंदेशातच ‘हा उलटा नियम विसरलात काय’ असे विचारते.

डिजिटल कार्डांबाबत भारतातील वापरकर्त्यास टी-१ व ई-१ यांतील भेद जपावा लागतो. काही कार्डांवर हा भेद जंपरने ठरतो, तर काहींत मॉड्यूलला सुरू होताना दिलेल्या पॅरामीटरने. कार्ड टी-१ स्थितीत राहिले तर कर्नलमध्ये २४ चॅनेलच निर्माण होतात. संरचना-फाइलमध्ये ३१ चॅनेल मागितल्यावर ‘असे उपकरण अस्तित्वात नाही’ असा संदेश येतो. ‘प्रॉक’ निर्देशिकेतील स्पॅनच्या फाइलमध्ये २४ ओळी आहेत की ३१, हे मोजले की निदान होते. ई-१ वाहिनीसाठी एचडीबी-३ संकेतन, सामाईक संकेतवाहिनी आणि गरजेनुसार सीआरसी-४ ही तपासणी नमूद करावी लागते. सीआरसी-४ चालू आहे की बंद, हे सेवा पुरवठादाराकडून विचारून घ्यावे. संभाषणाचे चॅनेल १ ते १५ व १७ ते ३१ आणि संकेतांचे चॅनेल १६ असे लिहावे. स्वरांसाठी भारताचा ‘इन’ हा विभाग डाहडीत उपलब्ध आहे.

कालसंदर्भ हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. सेवा पुरवठादाराच्या वाहिनीचे घड्याळ प्रमाण मानावे लागते. स्पॅनच्या ओळीतील दुसरा अंक शून्य असल्यास ते स्पॅन समोरच्या टोकाचे घड्याळ कालसंदर्भ म्हणून वापरत नाही. दोन स्वतंत्र घड्याळे किंचित वेगळी चालल्यामुळे ठरावीक अंतराने नमुने गळतात किंवा दुप्पट होतात. संभाषणात अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येणे हे त्याचे लक्षण होय.

४.५ इंटरप्ट चुकणे

सर्वांत फसवा दोष हाच आहे, कारण येथे दूरध्वनी चालू असतो, पण नीट चालत नाही. आवाजात खरखर, फॅक्स अर्धवट तुटणे, प्रतिध्वनी पुनःपुन्हा उद्भवणे आणि संकेतवाहिनीवर चौकट तुटल्याच्या नोंदी ही त्याची लक्षणे होत. यांपैकी प्रत्येकाचे खापर सहसा सेवा पुरवठादारावर फोडले जाते.

‘डाहडी-टेस्ट’ ही चाचणी येथे निर्णायक ठरते. तिच्या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. चाचणीचा जुना प्रकार ८१९२ नमुने वाचण्यास किती वेळ लागला ते मोजत असे. सेकंदाला ८००० या गतीने त्यास १.०२४ सेकंद लागावयास हवे. एका नमुन्याचा फरक पडल्यास अचूकता सुमारे ९९.९८८ टक्के येते. एक संपूर्ण इंटरप्ट चुकला तर ८ नमुने गळतात व आकडा सुमारे ९९.९० टक्क्यांवर येतो. म्हणजे ९९.९ टक्के हा आकडा परीक्षेत उत्तम वाटला तरी दूरध्वनीत तो साधारण दर सेकंदाला एक तुकडा हरवल्याची खूण आहे. व्यवहारात ९९.९८ टक्के वा अधिक अचूकता समाधानकारक मानली जाते. मानवी कान असा एखादा तुकडा सहन करतो. फॅक्स यंत्र करत नाही.

इंटरप्ट चुकण्याची कारणे संगणकाच्या अन्य घटकांत असतात. कार्ड आणि डिस्क वा नेटवर्क कार्ड यांची एकच इंटरप्ट-रेषा असणे, जुन्या आयडीई डिस्कवर थेट स्मृतिप्रवेश बंद असणे, सर्व्हरवर विनाकारण चित्रात्मक पडदा चालू ठेवणे, ही त्यांपैकी नेहमीची होत. ‘प्रॉक’मधील इंटरप्टची यादी पाहून सामाईक रेषा ओळखता येते. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवणे, बायॉसमधून अनावश्यक उपकरणे बंद करणे आणि अन्य जड कामे दुसऱ्या संगणकावर हलवणे हे उपाय बहुधा पुरेसे पडतात.

४.६ कार्ड नसलेल्या सर्व्हरवरील कालमापन

ज्या सर्व्हरमध्ये एकही कार्ड नाही, त्यालाही झॅपटेलची गरज का भासत असे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ‘मीटमी’ ही बहुपक्षीय संभाषणाची सोय आवाजाचे मिश्रण कर्नलमधील मॉड्यूलकडून करून घेत असे व त्यास नियमित कालस्पंदन लागे. कार्ड नसताना ते स्पंदन ‘झेडटी-डमी’ हे मॉड्यूल पुरवी. २००५ साली कर्नलच्या २.६.१३ आवृत्तीत स्पंदनाचा प्रमाणित दर सेकंदाला १००० वरून २५० करण्यात आला. त्यामुळे केवळ त्या दरावर विसंबणाऱ्या पद्धतीस दुसरा आधार शोधावा लागला. डाहडीच्या २.३ आवृत्तीपासून हे कालमापन गाभ्याच्या मॉड्यूलमध्येच समाविष्ट झाले आणि डमी मॉड्यूलची आवश्यकता संपली. पुढे अ‍ॅस्टेरिस्कने लिनक्सच्या स्वतःच्या कालमापन-सुविधेचा उपयोग सुरू केला. ‘कॉन्फब्रिज’ ही नवी सोय डाहडीशिवाय चालते. म्हणून आज केवळ सिप प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर डाहडीचा दोष दिसला, तर तो दुरुस्त करण्यापूर्वी त्या मॉड्यूलची गरज उरली आहे काय, हे ठरवणे श्रेयस्कर. अनावश्यक मॉड्यूल काढून टाकणे हाही दोषनिवारणाचाच प्रकार आहे.

५. दोषशोधाची क्रमबद्ध पद्धत

वरील विवेचनावरून तपासणी खालच्या थराकडून वरच्या थराकडे नेणे योग्य ठरते. प्रत्येक पायरी सिद्ध झाल्यावरच पुढील पायरी घ्यावी.

(१) कार्ड : ‘एलएस-पीसीआय’ या आज्ञेने कार्ड संगणकास दिसते काय ते पाहावे. दिसत नसल्यास दोष आज्ञावलीत नाही. कार्ड, खाच अथवा वीजजोडणी तपासावी. दूरध्वनी संचांना घंटा देणाऱ्या काही कार्डांना वीजपुरवठ्याची स्वतंत्र वायर जोडावी लागते.

(२) मॉड्यूल : ‘यूनेम’ने चालू कर्नलची आवृत्ती व ‘मॉडइन्फो’ने मॉड्यूलची खूण पाहून त्या ताडाव्यात. ‘एलएसमॉड’च्या यादीत गाभा व कार्ड-ड्रायव्हर दोन्ही हवेत. कर्नलची नोंदवही ‘डीमेसेज’ने वाचावी, नकाराचे खरे कारण जवळजवळ नेहमी तेथेच लिहिलेले असते.

(३) ताबा : ‘एलएस-पीसीआय’च्या विस्तृत उत्तरात कार्ड कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे ते दिसते. तेथे परके नाव असल्यास ४.३ मधील उपाय करावा.

(४) उपकरण-फाइली : त्या निर्माण झाल्या आहेत काय आणि अ‍ॅस्टेरिस्क ज्या वापरकर्त्याच्या नावे चालते त्यास त्यांचा अधिकार आहे काय, हे तपासावे. मूळ प्रशासक म्हणून सर्व चालते व सेवा म्हणून चालत नाही, असे आढळल्यास दोष अधिकारांचा असतो.

(५) संरचना : ‘डाहडी-सीएफजी’ ही आज्ञा सविस्तर उत्तर मागून चालवावी व पहिल्या त्रुटीकडेच लक्ष द्यावे. पुढील त्रुटी बहुधा तिचेच परिणाम असतात.

(६) वाहिनी : स्पॅनची स्थिती पाहावी. लाल इशारा म्हणजे समोरून ग्राह्य संकेत येत नाही. पिवळा म्हणजे आपला संकेत समोर पोहोचत नाही. निळा म्हणजे मधल्या यंत्राने सामान्य संकेताऐवजी अखंड एक पाठवले आहेत. सेवा पुरवठादाराकडे तक्रार करण्याची वेळ या पायरीवर येते, त्यापूर्वी नाही.

(७) अ‍ॅस्टेरिस्क : वरील सर्व योग्य असूनही चॅनेल दिसत नसल्यास अ‍ॅस्टेरिस्क संकलित होतेवेळी डाहडी व पीआरआयचे ग्रंथालय उपस्थित होते काय, हे पाहावे. प्रथम डाहडी, नंतर ते ग्रंथालय आणि शेवटी अ‍ॅस्टेरिस्क हा संकलनाचा क्रम पाळला नाही तर संबंधित भाग तयारच होत नाही.

६. प्रतिबंधक उपाय

दूरध्वनी सर्व्हरवर कर्नल आपोआप अद्ययावत होऊ देणे धोक्याचे आहे. परंतु सुरक्षाविषयक दुरुस्त्या कायमच्या रोखणेही इष्ट नाही. त्यामुळे अद्ययावतीकरण पूर्वनियोजित वेळी, शक्यतो सुटीच्या दिवशी करावे. मागील कर्नल आरंभ-सूचीत ठेवावा, म्हणजे नवा कर्नल अपयशी ठरल्यास काही मिनिटांत दूरध्वनी पूर्ववत होतो. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था वापरल्यास नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप संकलित होते. मात्र ते यशस्वी झाले की नाही, हे संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी पाहावे. संरचना-फाइलींची प्रत, कार्डाचा प्रकार, सेवा पुरवठादाराने सांगितलेली वाहिनीची वैशिष्ट्ये आणि निर्दोष स्थितीतील चाचणीचे आकडे यांची छापील नोंद सर्व्हरजवळ ठेवावी. दोषाच्या दिवशी तुलनेसाठी निरोगी अवस्थेचे आकडे नसतील, तर उत्तम चाचणीही अर्धीच उपयोगी पडते.

७. निष्कर्ष

(१) डाहडी मॉड्यूलांतील बहुसंख्य दोष कार्डाच्या बिघाडाचे नसून कर्नल, ड्रायव्हर व संरचना यांतील विसंगतीचे असतात.

(२) कर्नलच्या नोंदवहीचे वाचन व खालच्या थरापासून तपासणी या दोन सवयींनी निदानाचा काळ लक्षणीय प्रमाणात कमी होतो आणि चांगली साधने टाकून देण्याचा खर्च वाचतो.

(३) आवाजातील सूक्ष्म दोषांचे निदान कानाने न करता मोजमापाने करावे, ९९.९ व ९९.९८ यांतील अंतर दूरध्वनीत निर्णायक असते.

(४) सिप वाहिन्या व स्वतंत्र गेटवे यांच्या प्रसारामुळे कर्नल ड्रायव्हरची गरज घटत आहे. तथापि जोवर ई-१ व अ‍ॅनालॉग वाहिन्या संगणकास थेट जोडलेल्या आहेत, तोवर हे ज्ञान संस्थेतील किमान दोन व्यक्तींकडे असणे आवश्यक आहे. मुक्तस्रोत आज्ञावलीने यंत्राचे अंतरंग सर्वांसाठी खुले केले. त्या खुलेपणाचा लाभ मात्र ते अंतरंग वाचावयास शिकणाऱ्यांनाच मिळतो.